गोधडीचे कापड : घरचे आणि विकतचे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी गोधडी शाखेविषयी चार शब्द लिहावेत, अशी कार्यकारिणीची सूचना आली तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. हातात सुई धरणे निराळे आणि लेखणी धरणे निराळे. परंतु मागच्या सभेत कापडखरेदीवरून जो वाद झाला तो आपणां सर्वांना आठवत असेलच. कोणी म्हणाले, कापड किलोवर आणा, स्वस्त पडते. कोणी म्हणाले, तागा आणून मीटरवर फाडा, म्हणजे रंग जुळतात. तिसरा पक्ष म्हणाला, गोधडी जुन्याचीच, नव्याची ती गोधडी कसली? या गडबडीत आपल्या शाखेत नव्याने आलेल्या एका सुनेने मला हळूच विचारले, "काकू, पूर्वी बायका गोधडीचं कापड कुठून विकत आणायच्या हो?"

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर पटकन देता आले नाही. कारण गोधडीचे कापड विकत आणायचे असते, हे वाक्यच माझ्या आजीला समजले नसते. मग ते विकत आणण्याची पाळी आपल्यावर केव्हा आली आणि का आली? घरी येऊन मी याचाच विचार करीत बसले, आणि हा लेख तयार झाला.

जुने जोडून पांघरायचे ही रीत फार जुनी आहे. संस्कृतात 'कन्था' हा शब्द ठिगळांच्या वस्त्रालाच लावतात. बुद्धाच्या भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून चीवर करावे असा प्रघात होता. त्याला 'पांसुकूल' म्हणत. मगध देशातली बांधांनी आखलेली भातखाचरे पाहून, तशा तुकड्यांचे चीवर शिवावे असे बुद्धाने आनंदाला सांगितले, ही कथा विनयपिटकात आहे. आपल्याकडे तर फार लांब जावयास नको. संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र घालीत, म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत. ज्याने गावोगाव खराटा हाती घेऊन रस्ते झाडले आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्याला आपल्या लोकांनी नाव दिले ते गोधडीचे, ही गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

पांघरुणांना आपल्याकडे नावेही पुष्कळ. बाळाचे ते दुपटे, मोठ्यांची ती गोधडी किंवा वाकळ, कापूस भरलेली ती दुलई, आणि जाड दुहेरी सुती पांघरूण ती पासोडी. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. तेथे पासोड्या विकावयास बसत, त्यावरून विठोबाला हे नाव पडले असे सांगतात. म्हणजे पासोडी विकत मिळत असे, दुलई पिंजाऱ्याकडून भरून घेत असत. परंतु गोधडी मात्र घरची. तिच्यात घालायचे कापडही घरचेच.

आता हे घरचे कापड म्हणजे काय, याचा हिशेब पाहा. आपल्या पूर्वीच्या बायकांचे लुगडे नऊ वारांचे, पुरुषांचे धोतरही लांब. दोन्ही अखंड वस्त्रे. त्यांना कात्री लागत नसे, म्हणून त्यांतून चिंधीही निघत नसे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पन्हा ४८ इंच धरला, तर सात फूट लांबीचे आणि चार फूट रुंदीचे तीन थर एका लुगड्यात बसतात आणि सहा फूट कापड उरते. दोन लुगड्यांत एका माणसाची सहा पदरी गोधडी होते, आणि राहिलेले बारा फूट काठाला नि ठिगळांना पुरते. लुगडे आधी सणाला, मग रोजच्याला, मग स्वयंपाकघरात, आणि विरले की गोधडीत. धुऊन धुऊन त्यातली खळ पार गेलेली असे, सूत मऊ झालेले असे, रंग जायचा तेवढा गेलेला असे. सुई कशी लोण्यात शिरावी तशी शिरे. म्हणजे कापडाची निवड ही बाजारात होतच नव्हती. ती वीस वर्षांच्या धुण्याने झालेली असे.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मी ते एका गोधडीत पाहिले आहे.

१२ जुलै १९६१ हा दिवस पुण्याच्या माणसाला सांगावा लागत नाही. पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. आम्ही तेव्हा नारायण पेठेत नदीच्या बाजूच्या एका वाड्यात राहत होतो. मी चौदा वर्षांची होते. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी पर्वतीच्या बाजूला माझ्या मावशीकडे गेलो. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहतो तो घरात गुडघाभर चिखल. गाद्या होत्या, त्या कापसाच्या. त्यांचे गोळे झाले आणि दोन दिवसांत त्यांना घाण सुटली. त्या टाकून द्याव्या लागल्या. पण माळ्यावरून खाली पडलेली आजीची गोधडी चिखलात तशीच सापडली. पाणी पिऊन ती इतकी जड झाली होती की मी, आई आणि आजी अशा तिघींनी मिळूनही ती उचलेना. शेवटी वाड्यातल्या दोघा मुलांनी ती हातगाडीवर घालून मावशीकडे पोचवली.

नळ बंद होते. मावशीच्या वाड्यातल्या विहिरीवर आम्ही ती धुतली. परंतु दिवस आषाढाचे, ऊन नाही. इतकी थरांवर थर असलेली गोधडी आतून वाळणार कशी? न वाळली तर कुजणार. तेव्हा आजी म्हणाली, "उसवा. थर सुटे झाले की वाळतील." आई गप्प राहिली, कारण ती गोधडी आजीने आपल्या हाताने शिवलेली होती आणि चाळीस वर्षांचे तिचे ते काम होते. पण आजीनेच पहिला टाका तोडला.

आमच्या घरची गोधडी विरली की टाकीत नसत. तिच्यावर दोन्ही अंगांनी नवा थर घालून पुन्हा धावदोरा घालीत. त्यामुळे सर्वांत नवे कापड बाहेर आणि सर्वांत जुने आत. आम्ही तीन दिवस उसवीत होतो आणि आजी एकेक थर ओळखून सांगत होती. शाळेत इतिहासाला मला कधी चांगले गुण पडले नाहीत. पण तो धडा मात्र मी विसरले नाही.

वरचा थर आईच्या वायलच्या पातळाचा होता. आईच्या पिढीने नऊवारी सोडून पाचवारी गोल पातळ धरले, आणि तेथेच गोधडीचे चार वार कमी झाले! त्या पातळावर जागोजाग शिंप्याकडून आणलेल्या चिटाच्या कातरणांची ठिगळे होती. चोळीच्या जागी पोलकी आली, मुलांना सदरे-चड्ड्या आल्या, गल्लोगल्ली शिंप्याचे यंत्र आले, तेव्हा घरात आणि शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठू लागल्या. शिंपी त्या फुकट देई. आजची आपली रंगीबेरंगी तुकड्यांची गोधडी ही पुष्कळशी या शिंप्याच्या यंत्राची कृपा आहे, असे मला वाटते.

या चिटाचीही एक कथा आहे. हिंदुस्थानातली छापील चिटे इंग्लंडातल्या बायकांना एके काळी इतकी आवडत की अंगावर, पडद्यांना, पांघरुणांना सगळीकडे तीच. तेथील विणकर ओरडू लागले. तेव्हा पार्लमेंटने १७०० साली कायदा करून छापील सुती कापड आणण्यास बंदी केली, आणि १७२१ साली ते वापरण्यासही. ती बंदी १७७४ साली उठली. पुढे शंभर वर्षे गेली नाहीत तोच उलटा प्रकार झाला : मँचेस्टरचे गिरणी-कापड आपल्या बाजारात भरले आणि आपले कोष्टी-साळी बसले. पांघरुणासाठी कोणते कापड घ्यावे हा बायकांचा घरगुती प्रश्न दिसतो खरा. पण त्यात सरकारे पडली आहेत.

दुसरा थर काढताना आजी थांबली. येथे दोन थरांच्या मध्ये जुन्या टाक्यांची भोके होती, पण त्यांत दोरा नव्हता आणि त्यांना धरणारे कापडही नव्हते. मी विचारले, "आजी, इथे काय होतं?" आजी म्हणाली, "इथे कंट्रोल होता."

दुसऱ्या महायुद्धात कापड सैन्याकडे जाऊ लागले, भाव चढले, साठेबाजी झाली. १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला. कापडावर किंमत छापावी लागे, रेशनवर मोजके कापड मिळे, तेही जाडेभरडे. आणि चांगले हवे असेल तर काळ्या बाजारात जावे लागे. जानेवारी १९४८ मध्ये कंट्रोल उठला, भाव पुन्हा भडकले, आणि त्याच वर्षी तो पुन्हा आला. त्या युद्धाच्या दिवसांत आमच्या घरी मुलांच्या अंगात घालायला बंड्या नव्हत्या. तेव्हा आजीने गोधडी उसवून आतले एक धड असलेले धोतर बाहेर काढले आणि त्याच्या माझ्या दोन काकांना बंड्या शिवल्या. "आजवर आम्ही गोधडीत कापड घातलं," ती म्हणाली, "तेवढं एक वर्ष काढलं." त्या हिवाळ्यात आजी स्वतः काय पांघरून निजली हे मी विचारले नाही. तेव्हा ते मला सुचले नाही, आणि पुढे विचारायला ती राहिली नाही.

त्याच्या आतला थर खादीचा होता. १९०५ साली पुण्यात मुठेपलीकडे परदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा आजी नऊ-दहा वर्षांची होती. तिने ती पाहिली नव्हती, ऐकली होती. पुढे ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते मोठी होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला आणि प्राणाला मुकला. तो आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातला, मुंबईच्या गिरणीत काम करणारा पोरगा. त्या वर्षी आजोबांनी घरातले विलायती धोतरजोड बाहेर काढले. आजोबांचे म्हणणे, जाळावे. आजीचे म्हणणे, जाळू नये, गोधडीत घालावे. अंगावर नाही म्हणजे झाले! दोघांचे दोन दिवस बोलणे बंद होते. शेवटी धोतरे जळाली आणि आजीने त्या रागाने गोधडीवर खादीचा नवा कोरा थर घातला. आमच्या घराण्यात गोधडीसाठी म्हणून कापड विकत आणले गेले ते तेव्हा पहिल्यांदा. आजी म्हणे, "नवी खादी शिवताना माझ्या बोटांची चाळण झाली." नव्या जाड कापडातून सुई ओढायची म्हणजे काय, हे आपल्या शाखेतल्या भगिनींना सांगायला नको.

त्याच्या आत गिरणीचे एक धोतर निघाले. मुंबईला कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी काढली, ती १८५६ मध्ये चालू झाली. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची. आजोबा तारुण्यात सोलापुरास नोकरीला होते, ते धोतर तिथले. आणि सर्वांत आत, अगदी पोटात, काळपट तांबडे झालेले हातमागाचे लुगडे. ते आजीच्या आईचे. आठवड्याच्या बाजारात कोष्ट्याकडून घेतलेले. त्याचे सूत इतके विरले होते की पाण्यातून काढताना ते हातावर जाळीसारखे पसरले. आजी त्याला पिळू देईना. ते तिने पाटावर पसरून, वर धुतलेले धोतर घालून, दाबून दाबून वाळवले.

आठ दिवसांनी थर वाळले आणि गोधडी पुन्हा शिवली. आई, आजी आणि मी चटईवर तीन बाजूंनी बसलो. मला धावदोरा घालायला आजीने शिकवले तो त्या गोधडीवर.

आता जुन्याचे नवे कसे झाले ते सांगते. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू वार जाऊन मीटर आला. आजी दुकानदाराला विचारी, "मीटर वाराहून मोठा ना? मग भाव वाढवलास तो बरोबर, पण पोराचा सदरा तेवढ्याचाच होतो!" मीटर वाराहून जवळजवळ साडेतीन इंचांनी मोठा, हे तिने आपल्या हाताने मोजून घेतले होते. हे सारे चालले. पण दोन गोष्टींनी गोधडीचे घरचे कापड खरोखर संपवले. एक टेरिलीन आणि दुसरी बोहारीण.

टेरिलीन हे १९४१ साली इंग्लंडात निघाले. आपल्याकडे ते मागाहून आले, पण आले ते घर भरून. इस्त्री नको, विटणे नको, फाटणे नको. बायकांच्या कष्टांचा विचार केला तर त्याला वाईट म्हणवत नाही. परंतु जे विटत नाही ते मऊही होत नाही. टेरिलिनची साडी वीस वर्षांनीही निसरडीच. घाम टिपत नाही, सुई घसरते, थर थराला धरत नाही.

आणि बोहारीण. स्टेनलेसच्या भांड्यांची हौस आपल्या पिढीची. दुपारी बोहारणीची हाक आली की वाड्यातल्या आम्ही सगळ्या गोळा होत असू. १९७९ साली मी आईची सात जुनी लुगडी दिली आणि एक मोठा स्टीलचा डबा घेतला. आई तेव्हा माझ्याकडेच होती. ती खाटेवर बसून पाहत होती. बोहारणीने लुगडे झटकून उजेडासमोर धरले, विरलेले म्हणून एक परत टाकले, मी घासाघीस करून तेही तिच्या गळ्यात घातले. ती गेल्यावर आईने एवढेच विचारले, "डबा किती शेराचा आहे गं?" मी मोठ्या अभिमानाने सांगितले. आई पुन्हा त्याविषयी बोलली नाही. पुढल्या वर्षी ती गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक गिरण्यांची भोंगी त्यानंतर वाजलीच नाहीत. कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे गेले. इचलकरंजीला पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला होता. त्याचे आता शहर झाले. गिरणीचा छाप पाहून डोळे मिटून कापड घेण्याचे दिवस मात्र गेले. हाताने चोळून, उजेडात धरून, स्वतः पारखून घेणे आले.

१९९५ साली माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. दुपटी शिवायची म्हणून मी कपाट उघडले, आणि घरात एक हात मऊ सुती कापड नव्हते. टेरिलिनच्या साड्या होत्या, त्या भरपूर होत्या. मी बाजारात गेले. दुकानदाराने चांगले पांढरे कापड दाखवले. हातात धरले तर खळीने कडक, कागदासारखे वाजणारे. ते मी पाच वेळा धुतले, उकळले, तरी बाळाच्या अंगाखाली घालावेसे वाटेना. ही गोष्ट मी आपल्या चाळीतल्या एका शेजारणीला सहज सांगितली. ती संध्याकाळी सासूची दोन जुनी लुगडी घेऊन आली. मी पैसे विचारले तेव्हा म्हणाली, "काकू, दुपट्याच्या कापडाचे कुणी पैसे घेतं का?" त्या दोन लुगड्यांची चार दुपटी झाली. ती शिवायला तीन शेजारणी येऊन बसल्या, आणि त्याच आपल्या मंडळाच्या गोधडी शाखेच्या पहिल्या सभासद. तेव्हा ठराव नव्हता आणि कार्यकारिणीही नव्हती.

शाखा वाढली, बाहेरची कामे आली, आणि घरोघरची लुगडी पुरेनाशी झाली. मग खरेदी आली. येथे आमची झालेली फजितीही लिहिली पाहिजे. एका घाऊक दुकानातून आम्ही शिवणकारखान्यातल्या तुकड्यांचे मोठे गाठोडे किलोवर आणले. वर सुती दिसत होते, आत निम्मे मिसळीचे. त्यातला एक सुंदर लाल रंग आम्ही हौसेने सहा दुपट्यांत घातला. पहिल्याच धुण्यात सहाही दुपटी गुलाबी झाली. गिऱ्हाईक चांगले होते, काही बोलले नाही. पण आम्ही पैसे परत केले आणि तोटा आठजणींनी वाटून घेतला. त्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. तिच्यातले थोडे येथे देते, म्हणजे सभेतल्या वादाला काही आधार मिळेल.

किलोचे कापड स्वस्त दिसते, पण आमच्या वहीप्रमाणे दोन किलोंच्या गाठोड्यात कामाचे दीड किलोच निघते. बाकी बारीक चिंध्या आणि टेरिलीन. पातळ सुती कापड चौरस मीटरला साधारण शंभर ग्रॅम भरते. एका माणसाची सहा पदरी गोधडी, म्हणजे सुमारे पंधरा चौरस मीटर कापड. तेव्हा दीड किलो एका गोधडीला लागते असे धरावे, आणि भाव दोन किलोंचा लावावा. गाठोडे उघडून दाखवीत नसतील तर घेऊच नये.

मीटरच्या कापडाला पन्हा आधी विचारावा, भाव मागून. नवे सुती कापड धुतल्यावर मीटरला तीन-चार सेंटीमीटर आटते. ते शिवण्यापूर्वीच धुऊन घ्यावे, नाहीतर गोधडी शिवल्यावर आटते आणि तिला सुरकुत्या येतात. गडद रंगाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळावा. शंका असल्यास दोन धागे काढून चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीला लावावेत : सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरते, टेरिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. आणि जाड-पातळ, नवे-जुने एका थरात मिसळू नये. ओढ निराळी पडून पातळ कापड टाक्यापाशी फाटते.

घरचे जुने कापड घेताना पदर आणि काठ यांवर जाऊ नये. तो भाग नेहमीच धड असतो. मांडीवर आणि कमरेशी येणारा मधला भाग उजेडात धरून पाहावा. बंगालच्या बायका कांथा शिवताना जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे काढून तेच सुईत ओवतात. आपणही काठ टाकून देऊ नये. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी भगिनी 'कवंडी' शिवतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुले' लावतात. फूल नसेल तर कवंडी उघडी आहे असे म्हणतात. लहान चिंध्यांचे काय करावे, याचे त्यांच्याकडे इतके चांगले उत्तर आहे.

माझे मत विचाराल तर तिन्ही पक्ष थोडथोडे बरोबर आहेत. गोधडीचे अस्तर आणि वरची बाजू मीटरच्या नव्या, धुतलेल्या सुती कापडाची असावी; ती टिकते आणि विक्रीला बरी दिसते. ठिगळांना किलोचे, पारखून घेतलेले. परंतु आतले थर जुन्याचे असावेत. ऊब त्यांचीच असते. आणि बाळाच्या दुपट्याला नवे कापड मुळीच नको. तेथे काटकसरीचा किंवा शोभेचा प्रश्नच नाही.

म्हणून वर्धापनदिनानिमित्त माझी आपणां सर्वांना एकच विनंती आहे. आपल्या आईचे, सासूचे एखादे सुती लुगडे कपाटात असेल, तर ते भांड्यावर देण्यापूर्वी एकदा मंडळात आणून दाखवा. आम्ही त्याचे वजन करू, वहीत नाव लिहू, आणि आपल्याला हवे असल्यास त्याचेच दुपटे शिवून परत देऊ. ज्या सुनेने मला तो प्रश्न विचारला, तिने कालच आपल्या आजेसासूची दोन लुगडी आणली आहेत. त्यांतले एक हातमागाचे आहे.

आजीची गोधडी माझ्याकडे आहे. तिच्यावर तीन थर मी घातले आहेत. आतले मी पुन्हा उघडून पाहिलेले नाहीत. स्टीलचा डबाही आहे. त्यात तुरीची डाळ असते. डबा अजून नव्यासारखा आहे.